जॉन्सन यांचे संकल्प

मुलांनो, लवकर उठण्याचा निश्चय तुम्ही कितीदा मोडला आहे? इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन यांचेही तसेच होई. 1709 साली जन्मलेल्या जॉन्सन यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे केवळ लेखणीवर पोट भरले. नोकरी नाही, जाब विचारणारा साहेब नाही! म्हणून वाढदिवशी, नववर्षाला आणि ईस्टरला ते स्वतःच वर्षाचा हिशेब घेत व नवे संकल्प लिहीत. तरीही अनेकदा दुपारपर्यंत अंथरुणातच! तीन वर्षांत पुरा करू म्हटलेला शब्दकोश नवव्या वर्षी, 1755 मध्ये निघाला. पण त्यात 42 हजारांहून अधिक शब्द होते, हे विसरू नका. 1775 साली मागे पाहताना त्यांना मोडलेलेच संकल्प दिसले. तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लिहिले: उशिरात उशिरा सकाळी 8 वाजता उठायचे.