विश्लेषण : जखमी कामगारांसाठी नारायण लोखंडे यांनी काय मागितले होते?

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की रविवारची सुट्टी आठवते. त्यांच्या मागण्यांत आणखी एक महत्त्वाची मागणी होती.

लोखंडे कोण होते?
जन्म १८४८ चा. महात्मा फुले यांचे सहकारी आणि १८८० पासून ‘दीनबंधु’चे संपादक. मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर असताना त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले.

मागणी काय होती?
सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार मागितला होता. शिवाय कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय करावी, असेही म्हटले होते.

पुढे काय झाले?
जून १८९० मध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जखमींचा प्रश्न मात्र तसाच राहिला. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले.

कायदा कधी आला?
कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये, म्हणजे मागणीनंतर ३९ वर्षांनी झाला. कामामुळे अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली. तात्पुरत्या अपंगत्वात मात्र फार तर निम्माच पगार ठरला. लोखंडे यांनी पूर्ण पगार मागितला होता.