भिवा ते बाबासाहेब : नावाची लढाई

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरांत ठाऊक आहे. दर जयंतीला ते सांगितले जाते. यंदा ते एकाच अंगाने सांगावे असे मनात आले. ते अंग म्हणजे नाव. आपली शिकलेली पोरे हल्ली म्हणतात की नावात काय ठेवलंय, माणसाचं काम बघावं. ऐकायला हे बरे वाटते. पण भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक आधी पूर्ण नाव विचारतो. नावावरून उमगलं नाही तर गाव विचारतो. कामाची चौकशी त्याच्या नंतर. म्हणून नावाने काय होते आणि काय होत नाही, हे बाबासाहेबांच्या आयुष्यातच बघू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी चौदावे रत्न जन्माला आले. घरचे त्याला भिवा म्हणत. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. कोकणात गावावरून आडनाव लावायची रीत, त्यावरून आंबावडेकर झाले. बाबासाहेब स्वतः आठवण सांगत की शाळेत आंबेडकर नावाचे एक गुरुजी होते, त्यांचा या पोरावर फार जीव. दुपारी ते आपल्या डब्यातली भाजीभाकरी त्याला देत. आंबावडेकर हे नाव आडनिडं आहे, त्यापेक्षा माझं आंबेडकर नाव लाव, असे त्यांनीच सुचवले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात प्रवेश झाला, तेव्हा रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पण रजिस्टरातले नाव बदलले म्हणून वर्गातली जागा बदलली नाही. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही बाजूला. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे; शिपाई नसला तर पाणी नाही. कारण आंबेडकर या नावाच्या मागे दुसरे एक नाव उभे होते, जातीचे. ते गुरुजींना पुसता येण्यासारखे नव्हते.

त्या दुसऱ्या नावाची ताकद भिवाला १९०१ च्या उन्हाळ्यात कळली. वडील कोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला ही मुले एकटीच आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर इंग्रजी कापाचे नवे शर्ट, रेशीमकाठी धोतरे, डोक्यावर नक्षीच्या टोप्या, पायांत नवे जोडे. न्यायला कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तर जवळ आला, चांगल्या घरची पोरे दिसतात म्हणून मायेने विचारपूस करू लागला. बोलता बोलता कोण तुम्ही, असे त्याने विचारले आणि भिवाने भाबडेपणाने महार म्हणून सांगून टाकले. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो तडक निघून गेला. आता विचार करा. कपडे तेच, पोरे तीच, त्यांची भूक तीच. मधे फक्त एक शब्द आला होता.

पुढे त्याच मास्तरने गाडीवान बघून दिला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान या पोरांबरोबर गाडीत बसेना. पोरांनी गाडी हाकायची आणि त्याने चालत यायचे, असे ठरले. वाटेत प्यायला पाणी मिळेना. नाक्यावर मुसलमान म्हणून सांगा म्हणजे पाणी मिळेल, असे गाडीवानाने शिकवले. भिवाने चांगल्या उर्दूत तसे सांगितलेही. पण नाकेदाराने पाणी दिले नाही, टेकडीवर जाऊन प्या म्हणाला. उसने नाव घेऊन तहान भागत नाही, हे त्या पोराला तिथेच समजले.

हाच धडा पुन्हा गिरवावा लागला तो १९१७ साली, बडोद्यात. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा तरुण सयाजीराव महाराजांच्या चाकरीत रुजू झाला. त्याला राहायला हिंदू खाणावळीत जागा नाही. पारशी धर्मशाळेत फक्त पारशाला प्रवेश. तेव्हा पारशी नाव लिहून, रोज दीड रुपया देऊन तो तिथे राहिला. खोली मिळाली, झोप मिळाली नाही. नाव उघडे पडेल ही धास्ती कायमची. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यात उभे राहिले आणि सामान बाहेर काढायला लावले. मग ते एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. हा मित्र पूर्वीचा ब्राह्मण. धर्म बदलला, नाव बदलले, पण त्याच्या घरात बाईचे सोवळे अजून जुनेच होते. बायकोला विचारून सांगतो, असे तो म्हणाला. बाबासाहेब काय ते समजले. रात्रीच्या गाडीने मुंबईला परत आले. माणूस नाव बदलतो आणि वागणूक जुनीच ठेवतो, तेव्हा नवे नाव दारावरच्या पाटीपुरते राहते. ही गोष्टही त्यांनी तेव्हाच पाहिली.

आपल्या वाट्याला अशी नावे का आली? याचेही उत्तर बाबासाहेबांनी शोधले. मुलाचे नाव ठेवतानाही मनुस्मृतीने वर्ण पाहिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे नाव किळस येईल असे असावे, हा तिचा नियम. आमच्या आजोबा-पणजोबांची नावे आठवा. धोंड्या, दगड्या, केऱ्या. पाळण्यातच माणसाला त्याची पायरी दाखवून द्यायची, अशी ही व्यवस्था. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसायची जुनी तऱ्हा आणि कोपरापर्यंतचे पितळी-कथली दागिने सोडायला सांगितले. तीही एक प्रकारे नावाचीच पाटी होती, अंगावर घातलेली. आयाबहिणींनी ऐकले.

आम्ही गिरणीतली माणसे. गिरणीतही हेच चालत होते. आपल्या माणसाला सूतकताईच्या खात्यात काम, पण साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पाऊल टाकायची बंदी. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या माणसाने ओठ लावलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावीना. पगार मात्र साचेखात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला आणि कामगार पुढाऱ्यांनाही सुनावले. म्हणजे नावाचा प्रश्न हा नुसता मानाचा नाही. तो भाकरीचा आहे.

बाबासाहेबांनी काढलेल्या पत्रांची नावे एका ओळीत लावून बघा. १९२० साली ‘मूकनायक’, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९२८ साली ‘समता’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. मुक्या माणसापासून जागृत माणसापर्यंतचा रस्ता या पाच नावांत आहे. आपण कोण आहोत हे दुसऱ्याने ठरवायच्या आधी आपणच ठरवत गेलो, असा हा प्रवास आहे.

मधल्या काळात गांधीजींनी हरिजन हे नाव चालवले. गोड नाव, पण न विचारता दिलेले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात ते कायद्यात घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी विरोध केला, बाबासाहेबही बोलले. बहुमताने ते ऐकले नाही, तेव्हा सारा पक्ष सभागृहातून बाहेर पडला. बाबासाहेबांचे म्हणणे सरळ होते. त्याच वाड्यात, त्याच उंबऱ्याबाहेर उभे राहून नवे नाव लावले, तर थोड्या दिवसांत त्या नवीन नावालाही जुनाच विटाळ चिकटतो. चोखामेळा म्हणा, हरिजन म्हणा, विचारणारा खोदून खोदून जात काढतोच. म्हणून १९३६ सालच्या मुंबईतल्या महार परिषदेत त्यांनी सांगितले की धर्मांतर हेच खरे नामांतर. नावाला महत्त्व आहेच आणि फार आहे, मात्र ते नाव जातीच्या पकडीबाहेरचे पाहिजे, हा विचार त्यांनी पुढे एका इंग्रजी लेखातही मांडला.

आणि त्यांनी स्वतः नावे ठेवली ती बघा. दादरच्या घराचे नाव राजगृह, मगधाच्या जुन्या राजधानीवरून. १९४६ साली मुंबईत उघडलेले कॉलेज सिद्धार्थ. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा परिसर नागसेनवन. दीक्षा घ्यायच्या कितीतरी वर्षे आधी आपल्या पोरांच्या तोंडी ही नावे घालून ठेवली. जे पोर मी सिद्धार्थमध्ये शिकतो म्हणून सांगेल, ते खाली मान घालून सांगणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता कायद्याने संपली. पण कायद्याने नाव बदलत नाही. ते बदलले १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतली, लाखोंना २२ प्रतिज्ञा दिल्या, आणि सकाळी महार म्हणून घरून निघालेला माणूस संध्याकाळी बौद्ध म्हणून परतला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दीक्षेनंतर पुरते दोन महिनेही मिळाले नाहीत.

त्यांच्या मागे या नावाची किंमत आपल्या लोकांनी मोजली. सरकारी कागदावर आपल्याला नवबौद्ध म्हटले गेले. बौद्ध लिहिले म्हणून केंद्राच्या सवलती हातच्या गेल्या. महाराष्ट्राने राज्यापुरती सोय केली, पण केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडले. तोवर कित्येकांनी नुकसान सोसले आणि बौद्धच लिहिले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी. नावात काही नसतं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, मग एका पाटीसाठी घरं कशाला जाळली?

बंधू-भगिनींनो, आता दोन शब्द आपल्या घरचे. आपल्या पोरांची नावे सिद्धार्थ, राहुल, गौतमी, प्रज्ञा, सुजाता अशी आहेत. नावे सुंदर आहेत. पण लग्न ठरवताना आपणच पोटजात विचारू लागलो, पंचशील म्हणून बाटली उघडू लागलो, सुनेच्या हातची चूल वेगळी मांडू लागलो, तर बडोद्याच्या त्या मित्रात आणि आपल्यात फरक काय राहिला? आणि कोणी नोकरीसाठी, खोलीसाठी आडनाव लपवत असेल, तर त्याला टोचून बोलू नका. बाबासाहेबांनाही ती रात्र काढावी लागली होती. त्याला फक्त ही गोष्ट सांगा, की उसन्या नावाने अकरा दिवसांची खोली मिळते, घर मिळत नाही.

भिवा हे नाव आईबापाने ठेवले, आंबेडकर गुरुजींनी दिले, बाबासाहेब हे नाव लोकांनी दिले. त्या लोकांना बाबासाहेबांनी बौद्ध हे नाव दिले. ते नाव दारावर आणि शाळेच्या दाखल्यावर लिहावेच, पण पंचशील पाळून ते रोजच्या वागण्यातही दिसू द्यावे, एवढीच या वर्धापनदिनी आमची आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!