भगवानदादा : दादरचा एक कामगार

स्मरणिकेत आपल्या भागातल्या एखाद्या नामवंत व्यक्तीचं चरित्र हवं, असा संपादक मंडळाचा निरोप ग्रुपवर आला आणि तासाभरात आचार्य अत्रे, अण्णाभाऊ साठे, शाहीर अमर शेख, व्ही. शांताराम अशी भारदस्त नावं पटापट घेतली गेली. माझ्या वाट्याला भगवानदादा आले, म्हणजे मीच मागून घेतले. बाकीच्यांवर आपल्याला निबंध होते. भगवानदादांवर कधी कुणी निबंध लिहायला सांगितला नाही, पण विसर्जनाच्या मिरवणुकीत त्यांची नक्कल न केलेला एकही मुलगा आपल्या वर्गात नसेल. मुलीही केल्याच, फक्त गॅलरीतून.

त्यांचं पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावात सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला होता. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला साळुंके नावाचा आचारी उचलला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. सिनेमात काम करून मुंबईत पोट भरता येतं, ही कल्पनाच भगवानदादा जन्मले तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती.

वडील मुंबईत कापड गिरणीत कामाला. त्यामुळे मुलगा वाढला तो दादर-परळच्या गिरणगावात. शाळा फारशी झाली नाही, मजुरी केली, आणि डोक्यात सिनेमा. ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. आपल्याही बाकावर असा एकजण होताच, प्रत्येकाने आपापला आठवावा.

मूकपटांचे शेवटचे दिवस चालू असताना ते सिनेमात शिरले. तेव्हाचा धंदा आजच्यासारखा नव्हता. चंदुलाल शहांचा रणजित स्टुडिओ दादरलाच होता आणि अशा मोठ्या कंपन्यांत नट-नट्या, वादक, सुतार, शिंपी सगळे महिन्याच्या पगारावर असत. सकाळी यायचं, सांगतील ते करायचं, पहिल्या तारखेला पगार घ्यायचा. गिरणी आणि स्टुडिओ यांत फरक एवढाच की इथे भोंगा होत नसे. भगवानदादा बुटके, अंगाने जाड, चेहरा नायकाचा नाही. पण अंगात ताकद होती आणि पडायची-आपटायची भीती नव्हती, म्हणून स्टंटपटांत काम मिळालं. त्यातला प्रत्येक विभाग त्यांनी जवळून पाहिला, आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्याबरोबर 'बहादुर किसान' दिग्दर्शित केला.

पुढची दहा-अकरा वर्षं त्यांनी एकामागून एक कमी खर्चाचे मारधाडपट काढले. कपडेपट, जेवणखाण, सगळी व्यवस्था स्वतः बघायची आणि ठरलेल्या रकमेत सिनेमा हातात ठेवायचा. आमच्या धंद्यात याला फिक्स्ड बिड म्हणतात आणि त्यात भले भले बुडतात! समीक्षकांनी त्या सिनेमांकडे ढुंकून पाहिलं नाही. ते बघायला येई तो पाळी संपवून आलेला कामगार, पुढच्या स्वस्त रांगांत बसणारा. त्याला काय आवडतं हे भगवानदादांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दक्षिणेत जाऊन त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपटही केला (१९४१). त्याला संगीत देणारा तरुण होता रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. 'सुखी जीवन'पासून ते नाव हिंदीत ठरलं, आणि ही दोस्ती पुढे दोघांनाही फळली.

१९४२ सालची एक घटना मात्र या चरित्रात गाळता येत नाही. 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवार यांना मारायची थप्पड खरोखरच जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार सुमारे तीन वर्षं चालले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. येवल्यात जन्मलेली, मूकपटांपासून नायिकेची कामं करणारी ही बाई तेव्हा पंचविशीच्या आसपास होती. नटीचा चेहरा म्हणजे तिचं यंत्र, तिचा माग. तो मोडला. सिनेमातल्या कामगारांसाठी वेगळा कायदा यायला पुढे १९८१ साल उजाडावं लागलं. ललिताबाई त्या डोळ्यासकट परत उभ्या राहिल्या, खाष्ट सासवा आणि कजाग बायका त्यांनी अशा केल्या की तोच डोळा त्यांची ओळख झाला. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, आणि आपण लहानपणी रविवारी सकाळी 'रामायणा'त जिला शिव्या घातल्या ती मंथरा त्यांचीच. हे सगळं त्यांचं कर्तृत्व. त्यामुळे थप्पड हा काही इष्टापत्तीचा किस्सा होत नाही, जसा तो गप्पांत रंगवून सांगितला जातो. भगवानदादा मला आवडतात, पण हे लिहिताना हात जरा थबकला.

त्याच वर्षी ते निर्माते झाले, जागृती पिक्चर्स. १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ. गिरणी कामगाराचा मुलगा आता दुसऱ्यांना पगार देत होता. मारधाड सोडून सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूरने दिला म्हणतात. त्यातून १९५१ मध्ये आला 'अलबेला'. संगीत सी. रामचंद्रांचं, गाणी राजेंद्रकृष्ण यांची, नायिका गीता बाली. गीता बाली तेव्हा मोठी नटी, त्याच वर्षी देव आनंदबरोबर 'बाजी'त होती, आणि इथे तिचा नायक हा असा बुटका, ढेरपोट्या गडी. पण पडद्यावर दोघं नाचायला लागली की हा विचार कुणाच्या मनात येत नाही. त्यांचा नाच नीट बघा. पाय जवळजवळ हलत नाहीत. खांदे, कोपरातून दुमडलेले हात आणि कंबर, एवढ्यावर सगळं. उडी नाही, गिरकी नाही. ज्याला नाच येत नाही त्यालाही तो लगेच जमतो, आणि म्हणूनच तो मिरवणुकीत गेला. ढोल-ताशासमोर दोन फूट जागेत दुसरं काय करणार?

'अलबेला'ची कथाही आता पाहताना वेगळी वाटते. नाटकाचं वेड असलेला गरीब घरातला मुलगा घराबाहेर पडतो, रंगभूमीवर नाव कमावतो, घरी पैसे पाठवतो, आणि ते पैसे मधल्यामधेच गडप होतात. सिनेमा प्रचंड चालला. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या, हे वैभव त्यांच्याबद्दल बोलताना सगळेच सांगतात.

मग उतरण. १९५३ मध्ये तेच संगीतकार आणि तीच नायिका घेऊन 'झमेला' काढला, तो 'अलबेला'च्या जवळपासही गेला नाही. १९५६ मध्ये किशोरकुमारला घेऊन 'भागम भाग'. पुढे 'हँसते रहना' हाती घेतला, तो पुरा झाला नाही. नट तेच, दिग्दर्शक तेच, निर्माते तेच, स्टुडिओचे मालकही तेच. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणजे काय हे आम्ही नवीन मुलांना चित्र काढून समजावतो. एक खांब सरकला की छप्पर, भिंती, माळा एकदम खाली. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. एकट्या त्यांचीच ही गत झाली असंही नाही. दादरच्या रणजितचे मालक चंदुलाल शहा एकेकाळी मुंबईच्या सिनेमाचे राजे होते, तेही रेस आणि सट्ट्यात सगळं घालवून गरिबीत गेले.

भगवानदादा दादरला चाळीत आले, लल्लूभाई मॅन्शनमध्ये. इथे बहुतेक लेख सुस्कारा टाकून संपतात. बंगल्यातून खोलीत, हाय रे दैवा. मला मात्र खरी गोष्ट इथून सुरू होते असं वाटतं, कारण पुढची कितीतरी वर्षं या माणसाने काम केलं. 'झनक झनक पायल बाजे' (परळच्या राजकमलचा), 'चोरी चोरी', 'गेटवे ऑफ इंडिया' यांत तरी भूमिका होत्या. नंतर नंतर हवालदार, हॉटेलवाला, लग्नातला पाहुणा, नाचणाऱ्या घोळक्यातला एक. मिळेल ते काम, मिळतील ते पैसे. ज्या धंद्यात आपण मालक होतो त्याच धंद्यात, ओळखीच्या लोकांसमोर, मागच्या रांगेत उभं राहायचं. दिवस भरायचा आणि घरी यायचं.

आपल्यातल्या किती जणांचे वडील गिरणीत होते ते मोजून बघा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आपण बालवाडीच्या वयाचे होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यातले कितीतरी पुन्हा मागावर गेलेच नाहीत. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झालं, कुणाच्या आईने पोळीभाजीचे डबे सुरू केले आणि त्यावर आपल्या मित्रांच्या फिया भरल्या गेल्या. त्यांच्याकडे बघून कुणी सुस्कारे टाकले नाहीत. महिना काढायचा होता, तो काढला. भगवानदादा त्याच वर्षांत, त्याच भागात, हेच करत होते. फक्त त्यांना लोक ओळखत.

जुने मित्र सी. रामचंद्र, राजेंद्रकृष्ण, ओमप्रकाश त्या चाळीत त्यांना भेटायला जात असं सांगतात. आणि गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या घराखाली थांबत, दादा खाली येऊन चार पावलं नाचले की मग पुढे सरकत, हेही. आपल्या भागातल्या ज्या-ज्या ज्येष्ठ मंडळींशी मी बोलले ती हे डोळ्यांदेखतचं असल्यासारखं सांगतात. एकाही घरात यावर वाद झाला नाही, आणि आपल्याकडे हे दुर्मीळ आहे.

त्यांच्या त्या स्वस्त स्टंटपटांतले बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. ज्यांच्यासाठी काढले ते प्रेक्षकही गेले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने दादरच्या राहत्या घरीच त्यांचं निधन झालं, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. आपण तेव्हा नुकते नोकऱ्यांना लागलो होतो. २०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला, मंगेश देसाईंनी दादा आणि विद्या बालनने गीता बाली केली. तो बघाच. पण त्याआधी रात्री टीव्हीवर साठ-सत्तरच्या दशकातला एखादा हिंदी सिनेमा लागला आणि त्यात घोळक्याचं गाणं आलं, तर नायक-नायिकेला सोडून मागे बघा. गर्दीत एक जाडसर, टक्कल पडत चाललेला माणूस पाय न हलवता नाचत असेल. त्या दिवसाचे पैसे त्याला मिळाले असतील अशी आशा करू.