रात्रीचें चित्र काढणारे बाबूराव पेंटर

गेल्या होळीच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या मोबाइलवर काढलेलें होळीचें छायाचित्र आम्हांस मोठ्या हौसेनें दाखविलें. ज्वाळेच्या जागीं नुसता पांढरा डाग, आणि भोंवतालची मंडळी काळोखांत बुडालेली! त्याची समजूत घालतांना आम्हांस ह्याच करवीर नगरींतील एका थोर पुरुषाचें स्मरण झालें. शंभर वर्षांपूर्वीं हेंच कोडें त्यांच्यापुढें उभें होतें, आणि तेंहि हलत्या चित्रांत.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ह्यांचा जन्म कोल्हापुरांत ता. ३ जून १८९० रोजीं झाला. वडील कुशल कारागीर. घरांत हातोडी आणि कुंचला हीं दोन्हीं नांदत होतीं. शाळेंतील शिक्षण बेताचेंच झालें. पण आपले आप्त आनंदराव ह्यांच्यासह त्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे असे रंगविले कीं, लोक त्यांस पेंटर म्हणूं लागले व मेस्त्री हें आडनांव मागें पडलें.

इ. स. १९१३ मध्यें दादासाहेब फाळके ह्यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट निघाला. तो पाहून ह्या दोघांनीं स्वतःचा कॅमेरा घडविण्याचें मनावर घेतलें. आनंदराव १९१६ सालीं अकालीं निवर्तले. तरी बाबूरावांनीं धीर न सोडतां शिष्य विष्णुपंत दामले ह्यांच्या साहाय्यानें १९१८ मध्यें कॅमेरा सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर ह्यांनीं द्रव्यसाहाय्य केलें आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री १९२० मध्यें पुण्यास दाखविण्यांत आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी दिली.

पण आम्हांस विशेष सांगावयाचें आहे तें १९२३ च्या सिंहगड ह्या चित्रपटाविषयीं. तानाजी मालुसरे ह्यांचा पराक्रम रात्रीचा. तो भर दुपारीं दाखवावा कसा? त्या काळीं रात्रीचा देखावा दिवसांच चित्रित करीत आणि मग फिल्म निळ्या रंगांत बुडवीत. आगीच्या देखाव्यास तांबडा रंग देत. खरी रात्र चित्रित करण्यांत अडचण मोठी होती. तेव्हांची फिल्म तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळी असे. मशालीचा उजेड तांबूस. त्यामुळें ज्योत उमटली तरी माणसांचे चेहरे व कडेकपारी काळ्याच राहत. बाबूरावांनीं रात्रीच्या प्रसंगांसाठीं कृत्रिम प्रकाश योजिला. आपल्या देशांतील चित्रपटांत अशी योजना प्रथम करणारे म्हणून त्यांचेंच नांव घेतात. हातांत मशाल दिसावी, आणि तोंडावरचा उजेड मात्र चौकटीबाहेरच्या दिव्याचा असावा, ही युक्ति पुढें जगभर रूढ झाली. चित्रकारास ती परकी वाटण्याचें कारणच नव्हतें. पडदा रंगवितांना छाया कोठें ठेवावी हें आधीं ठरवावें लागतें.

आमच्या विद्यार्थ्यासहि आम्हीं हेंच सांगितलें. ज्वाळा भडकलेली असतां घाई करूं नये; ती जरा बसूं द्यावी. पडद्यावर ज्वाळेच्या जागीं बोट ठेवलें म्हणजे यंत्र उजेड आवरून घेतें व डाग पडत नाहीं. मोबाइल हातांत न धरितां भिंतीवर टेकवावा. आणि खरें चित्र पुष्कळदां आगीचें नसतेंच; आगीकडे पाहणाऱ्या आजीच्या मुखाचें असतें.

असो. सिंहगडास इतकी गर्दी लोटली कीं, सरकारचें लक्ष करमणुकीवरील कराकडे वळलें, असें सांगतात! पुढें १९२५ मध्यें सावकारी पाश ह्या चित्रपटांत बाबूरावांनीं कर्जबाजारी शेतकऱ्याची कथा मांडली. १९२९ मध्यें दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृति शिष्य बाहेर पडले व त्यांनीं प्रभात कंपनी काढली. गुरूचें घर रिकामें झालें आणि थोड्याच वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनीहि बंद पडली. बाबूरावांनीं नंतर कांहीं बोलपट केले, परंतु पहिला बहर पुन्हां आला नाहीं. ता. १६ जानेवारी १९५४ रोजीं ते कोल्हापुरांतच वारले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहींत. त्या काळची फिल्म मोठी ज्वालाग्राही असे, आणि न जळली तरी पेटींतल्या पेटींत कुजून तिची भुकटी होई. मुरलीवाला ह्या १९२७ च्या चित्रपटाचा कांहीं भाग मात्र उरला आहे.