तांब्याच्या तारेचं पांघरूण

विजेची गोष्ट सांगताना आपण सगळे तांब्याविषयी बोलतो, तांब्यावरच्या पांघरुणाविषयी कुणी बोलत नाही. तारेतून वीज वाहते म्हणून दिवा लागतो, हे शाळकरी पोरही सांगेल. पण ती वाटेत भलतीकडे का शिरत नाही, भिंतीत, लोखंडात, माणसाच्या बोटांत का उतरत नाही? तिला वाटेवर ठेवतं ते तारेवरचं आवरण. त्या आवरणाची किंमत फार लवकर ओळखणारा आणि ते स्वतःच्या हातांनी तारेवर चढवणारा माणूस म्हणजे मायकेल फॅरडे.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्सचा. बाप लोहार आणि तोही आजारी. घरात एवढी ओढगस्त, की एका पडत्या काळात पोराला आठवडाभर पुरवायला एक पाव मिळे. शाळा झाली ती लिहिण्यावाचण्यापुरती. तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला, आणि पुढच्या वर्षी तिथंच सात वर्षांच्या करारानं बुकबाइंडिंग शिकू लागला.

या सात वर्षांविषयी सगळे चरित्रकार एक गोष्ट आवर्जून सांगतात. बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा वाचायचा. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेटबाईंचं रसायनशास्त्राचं सोपं पुस्तक त्याला असंच भेटलं. हे खरंच आहे. पण मला त्याच्या डोळ्यांइतकेच त्याचे हात महत्त्वाचे वाटतात. बँकेत माझी पस्तीसेक वर्षं लेजरांच्या संगतीत गेली. जुन्या लेजरांची बांधणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, की दोरा किती ओढायचा, कापड कुठं दुमडायचं, दोन थरांत काय घालायचं, यात बाइंडरची सगळी विद्या असते. कुठं ढिलाई झाली, तर ती लगेच दिसत नाही. दहा वर्षांनी पानं सुटू लागली की कळते.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकानं फॅरडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती सुवाच्य उतरवून सुमारे तीनशे पानांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींकडे पाठवून दिलं. नोकरीचा अर्ज म्हणावा तर हा! १ मार्च १८१३ रोजी तो त्या संस्थेत मदतनीस म्हणून रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि राहायला वरच्या मजल्यावरच्या खोल्या.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं दाखवलं, की तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई हलते. म्हणजे विजेतून चुंबकत्व. मग चुंबकत्वातून वीज का निघू नये? हा प्रश्न फॅरडेच्या डोक्यात दहाएक वर्षं घर करून बसला. मधूनमधून तो प्रयोग करी, हाती काही लागत नसे, पुन्हा तो दुसऱ्या कामाला लागे.

इथं तारेच्या पांघरुणाचा प्रश्न उभा राहतो. प्रयोगासाठी लोखंडावर तारेचे पुष्कळ वेढे हवेत. उघडी तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळली, तर वीज कशाला फेऱ्या मारील? आडगल्ली सापडली की आपण हमरस्ता सोडतो, तशी ती एका वेढ्यातून शेजारच्या वेढ्यात किंवा सरळ लोखंडात उतरणार. मग वेढे शंभर असले काय नि एक असला काय, सारखंच. त्याच सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री तारेवर रेशीम गुंडाळून जबरदस्त ताकदीचे विद्युतचुंबक बनवत होता. आज आपण बाजारात जाऊन आवरण घातलेल्या तारेचं भेंडोळं मागतो, तशी सोय त्या काळी नव्हती.

फॅरडेनं मऊ लोखंडाचं कडं घडवून घेतलं. बाहेरचा व्यास सहा इंच, जाडी पाऊण इंचाहून थोडी जास्त. त्याच्या एका अर्ध्या भागावर प्रत्येकी चोवीस फुटांच्या तीन तारा आणि मध्ये जागा सोडून दुसऱ्या भागावर साठेक फूट तार त्यानं गुंडाळली. वेढ्यावेढ्यांत सुतळी, थराथरांत कॅलिको. कॅलिको म्हणजे साधं सुती कापड. आपल्याकडच्या बाइंडरांनाही हा शब्द माहीत आहे, आणि तो मुळात आपल्याच कालिकत बंदराच्या नावावरून गेलेला. सुतळी आणि कापड! बाइंडरच्या पोऱ्याला दुसरं काय आधी सुचणार, असं मला आपलं वाटतं.

कडं गुंडाळून झाल्यावर त्यानं आधी बॅटरी लावून एक तार दुसरीपासून खरोखर अलग आहे का, हे तपासलं. घाई असलेल्या माणसानं हा टप्पा नक्की गाळला असता. मग २९ ऑगस्ट १८३१ रोजी एका बाजूला वीज सोडली. दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची चुंबकसुई हलली, हेलकावली आणि पुन्हा जागेवर आली. वीज तोडली, ती पुन्हा हलली. दोन्ही बाजूंच्या तारांचा एकमेकींशी कुठंही स्पर्श नव्हता. स्पर्श नव्हता, म्हणूनच या हलण्याला अर्थ होता. कापडाचा एखादा थर फाटका असता, तर ती सुई कशानं हलली हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. आपल्या गल्लीच्या तोंडावर उभा असलेला ट्रान्सफॉर्मर या कड्याचा वंशज आहे.

१७ ऑक्टोबरला त्यानं तारेच्या पोकळ गुंडाळीत चुंबक आतबाहेर केला आणि नुसत्या हालचालीतून वीज काढली. त्या गुंडाळीतली तार २२० फूट होती. दुसऱ्या एका प्रयोगात लाकडी ठोकळ्यावर २०३ फुटांच्या दोन तारा शेजारीशेजारी गुंडाळल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये सुतळी होती. एवढं गुंडाळायला किती वेळ लागला असेल, याचा हिशेब घरी लोकर गुंडाळणाऱ्या बायकाच करू जाणोत.

फॅरडे इथं थांबला नाही. १८३७ च्या सुमारास त्यानं दाखवलं, की वीज अडवणारा पदार्थ काही नुसता मख्खपणे बसलेला नसतो. काच, लाख, गंधक विजेच्या ताणाला आपापल्या परीनं प्रतिसाद देतात. पुढं मलायातल्या झाडांचा गुट्टापर्चा नावाचा चीक लंडनला आला, तेव्हा १८४८ मध्ये तो उत्तम विद्युतरोधक असल्याचं फॅरडेनं लिहिलं. समुद्राखालच्या तारांना तेच पांघरूण मिळालं. १८७० मध्ये सुएझ आणि एडनमार्गे मुंबईला आलेली विलायतेची तार त्याच आवरणातली. पण गुट्टापर्चाला एक खोड होती. गरम पाण्यात तो मेणासारखा मऊ पडे आणि उन्हावाऱ्यात कालांतरानं तडकत असे. समुद्राच्या थंड तळाशी मात्र तो वर्षानुवर्षं टिके. थोडक्यात, पांघरूण चांगलं की वाईट असं नसतं. कुठं घालायचं, ते पाहून निवडायचं असतं.

हे आजही तसंच आहे. माझा नातू इंजिनिअरिंगला आहे. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगची कढई, म्हणजे ते डाग देण्याचं तापतं हत्यार, घेऊन बसतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेली साधी पीव्हीसीची तार डाग देताच आक्रसून मागं सरते आणि तांबं उघडं पडतं, हे मी पाहिलं आहे. पीव्हीसी प्रकाराप्रमाणे सत्तर ते एकशे पाच अंशांपर्यंत टिकतं, आणि हत्याराचं टोक तर तीनशेच्या वर तापलेलं. सिलिकॉनचं आवरण एकशे ऐंशीच्या आसपास सोसतं, वाकायला मऊ, पण नखानंही चिरेल असं. टेफ्लॉन दोनशेच्या पुढं, काही जातींत दोनशे साठपर्यंत टिकतं आणि डाग देताना मागं सरत नाही. मात्र ते महाग, आणि सोलायला चिवट. हा टेफ्लॉन १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेटला गॅसच्या नळकांड्यात अवचित सापडला होता. तेव्हा उष्णतेजवळ जाणाऱ्या जोडणीला टेफ्लॉन, सतत हलणाऱ्या भागाला सिलिकॉन आणि थंड जागी पीव्हीसी, असा साधा संसारी हिशेब. इस्त्रीच्या वायरीवर सुती विणीचं आवरण असतं, तेही याच हिशेबानं. तापलेल्या पत्र्याला चुकून टेकली, तर ती वितळून उघडी पडू नये म्हणून.

फॅरडेनं स्वतःच्या आयुष्यावरही असंच एक पांघरूण घातलं होतं. कारखानदारांची भरपूर पैसा देणारी कामं त्यानं संशोधनासाठी कमी केली. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. पैशापासून असा चार हात लांब राहिलेला माणूस १९९१ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर आला आणि २००१ पर्यंत लोकांच्या खिशांत हिंडला. परकीय चलनाच्या कामात ती नोट माझ्याही हातून गेली आहे, आणि दर वेळी मला थोडं हसू आलं आहे.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी तो हॅम्प्टन कोर्टच्या घरी वारला. हायगेटच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. ते लोखंडी कडं लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवर, रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संग्रहात जपून ठेवलं आहे. त्याचं चित्र पाहताना बहुतेकांची नजर तांब्याकडे जाते. वाचकांनी एकदा कापडाकडे पाहावं. कळकटलेलं, ओबडधोबड, पण अजून जागेवर आहे.