नामदारांचा ताळेबंद आणि बागायतदाराचे गाऱ्हाणे

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्मरण महाराष्ट्र करतो ते नेमस्तांचे अग्रणी आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून. त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी आजच्या गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. पोफळीवर पडणारा रोग आणि आंब्याची हुकलेली बाजारपेठ यांच्याशी या थोर पुरुषाचा संबंध काय, असे कोणी विचारील. गोखले फळबागांचे जाणकार नव्हते, हे खरे. परंतु राज्याच्या तिजोरीला रयतेच्या वतीने जाब कसा विचारावा, हे त्यांनी शिकविले. कोकणच्या बागायतीत आज नेमकी त्याच विद्येची वाण आहे.

पैशाची किंमत त्यांना बालपणीच कळली. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपयांच्या नोकरीवर रुजू झाले आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. १८८४ साली गोपाळराव पदवीधर झाले. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासात सरकारी अहवाल आणि आकड्यांची कोष्टके चाळून त्यांतून रयतेची स्थिती वाचण्याची कठोर उमेदवारी त्यांनी केली. म्हणूनच १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना हा तरुण प्राध्यापक डगमगला नाही.

१९०१ साली मुंबई कायदेमंडळात जमीन महसुलाचे विधेयक आले. दुष्काळात सारा थकून सरकारजमा झालेली जमीन रयतेस परत देताना ती हस्तांतरित करण्याचा हक्क काढून घ्यावा, असा त्याचा रोख होता. सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याची सुटका करावयाची, ही सरकारची भाषा. परंतु हक्क गेला की पत जाते, आणि पत गेली की शेतकऱ्याला कर्ज मिळणेच दुरापास्त होते, हे गोखल्यांनी ओळखले. सरकार ऐकेना, तेव्हा फिरोजशहा मेहतांच्या बरोबर त्यांनी सभात्याग केला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, त्या वेळीही जुन्या कर्जाचा निकाल लागल्यावाचून नव्या पतपेढीने शेतकरी तरणार नाही, असेच त्यांचे म्हणणे होते. आंब्याचे कलम लावल्यापासून भरघोस उत्पन्न हाती येईपर्यंत कित्येक वर्षे थांबणाऱ्या बागायतदाराला या म्हणण्याचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मध्यवर्ती कायदेमंडळात १९०२ साली त्यांनी अंदाजपत्रकावर केलेले पहिले भाषण गाजले. तिजोरीतील शिल्लक हे प्रजेच्या सुबत्तेचे लक्षण नसून जादा करांचे फळ आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. मिठावरील कराचा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षे केला. १९०३ ते १९०७ या काळात तो मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. त्यांच्या हयातीत, १९१४ साली, याच कायदेमंडळाने परदेशांतून येणाऱ्या रोपांबरोबर कीड व रोग देशात शिरू नयेत यासाठी कायदा केला. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश त्याच कायद्याखाली निघाला आहे.

येथे आजचा प्रश्न उभा राहतो. कीड आणि रोग कुंपण जाणत नाहीत. पावसाळ्यात पोफळीची कोवळी फळे गाळणारा कोळेरोग एका आगरातून शेजारच्या आगरात जातो. एकाने बोर्डो मिश्रण फवारले आणि शेजाऱ्याने हात आवरला, तर पहिल्याचाही खर्च बव्हंशी व्यर्थ. फळमाशीचे तेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा एकाच बागेत टांगून भागत नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्याची आयात बंद केली, ती ऐन हंगामात. बंदी उठली ती २०१५ च्या जानेवारीत. ज्याच्या पेटीत कीड नव्हती, त्याच्याही मालाला ते दार बंद झाले. अर्थात, झाडाचे आरोग्य ही खाजगी बाब नाही. विहिरीच्या पाण्याइतकीच ती सार्वजनिक आहे.

शासनाने १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आणली. कोकणातील वरकस जमिनी कलमांनी हिरव्या झाल्या, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु लावणे निराळे आणि राखणे निराळे. लागवडीचे क्षेत्र अहवालात शोभून दिसते. त्यांतील झाडे किती जगली, किती फळली, कीडनियंत्रणावर काय खर्च झाला आणि त्याचा लाभ कोणत्या गावास पोहोचला, हा ताळेबंद तालुकावार मांडला गेला पाहिजे. गोखले आज सभागृहात असते, तर त्यांनी हाच कागद मागितला असता.

व्यक्तीला जे पेलत नाही ते राज्याने पेलावे, हीच त्यांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकामागची भूमिका होती. १९१२ साली ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. भूमिका मात्र काळाने खरी ठरविली. त्याच वेळी लोकांनी आपला भार उचलला पाहिजे, याविषयीही ते निःशंक होते. १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचा पायाच तो होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची ४९ वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांचे निधन झाले.

बागायतदारांनी वाडीवाडीने एकत्र येऊन एकाच आठवड्यात फवारणी करावी, सापळे लावावेत, आणि वर्षाअखेरीस हाती आकडे घेऊन शासनाला जाब विचारावा. नुसत्या गाऱ्हाण्याला तात्पुरती मदत मिळते, हिशेबाला मात्र उत्तर द्यावे लागते.