केळुसकर गुरुजींनी दिलेलं पुस्तक



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तुम्हीही काहीतरी लिहा, असा कमिटीच्या पोरांनी आग्रह धरला. आम्ही काही लेखक नाही. शाळा नववीत सुटली आणि पुढे गिरणीत मागावर उभे राहिलो. जे चार शब्द येतात ते लोकांकडून मागून आणलेल्या पुस्तकांतून आले. म्हणून पुस्तक देणाऱ्या एका माणसाविषयीच लिहायचे ठरवले. कृष्णराव अर्जुन केळुसकर त्यांचं नाव. आपल्या घरोघरी बाबासाहेबांचा फोटो आहे, पण केळुसकर गुरुजी कोण, हे दहा पोरांना विचारलं तर एखादाच सांगतो.

गुरुजींचा जन्म १८६० सालचा, कोकणात वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा. ते मुंबईत आले, शिकले आणि विल्सन हायस्कुलात शिक्षक झाले. पण नोकरी करून घरी स्वस्थ बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. १८९६ साली त्यांनी तुकाराम महाराजांचं चरित्र लिहिलं, १८९८ साली गौतम बुद्धाचं आणि १९०६ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं. बुद्धाचं नाव मराठी मुलखात फारसं कुणी घेत नव्हतं, त्या काळात एका मराठा समाजातल्या मास्तराने बुद्धचरित्र मराठीत आणलं, हे आपण ध्यानात ठेवलं पाहिजे.

त्याच मुंबईत परळच्या चाळीत सुभेदार रामजी आंबेडकर एका खोलीत बिऱ्हाड करून राहत होते. माणसं भरपूर आणि जागा थोडी. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे, सुभेदार जागे राहायचे आणि रात्री दोन वाजता पोराला उठवून मग स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकांसाठी मुलींचे दागिने गहाण टाकणारा असा बाप होता. एल्फिन्स्टन हायस्कुलात मात्र शिवाशिव होतीच. फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून भीमरावांनी फळ्याकडे जाताच पोरांनी आरडाओरडा केला. संस्कृत शिकायचं होतं तर तेही मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली.

शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. गुरुजीही तिथे फिरायला यायचे. बाकीची पोरं खेळतात आणि हा एकटाच रोज पुस्तकात डोकं घालून बसतो, हे त्यांनी पाहिलं. एक दिवस जवळ जाऊन त्यांनी चौकशी केली. पोराने आपली जात सांगितली. गुरुजी मागे सरले नाहीत. काय वाचावं, कसं वाचावं हे सांगू लागले, स्वतःजवळची पुस्तकं देऊ लागले. सगळी गोष्ट एवढीच आहे, पण तिथूनच पुढचं सारं घडलं.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आज एवढ्या गुणांना कुणी पेढा वाटणार नाही. पण आपल्या समाजातलं पोर इथवर पोचलं, याचंच मोठं अप्रूप होतं. सत्काराची सभा ठरली. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून सुभेदारांची तयारी नव्हती. गुरुजींनीच त्यांची समजूत काढली. सभेला समाजसुधारक सीताराम केशव बोले आले होते, आणि गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवलं. बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत हा प्रसंग इंग्रजी चौथी पास झाल्या वेळचा सांगितला आहे. चरित्रकार मॅट्रिकचा सांगतात. साल कुठलंही धरा, पुस्तक तेच आणि देणारा हातही तोच. ते वाचून भीमरावांनी वडिलांना विचारलं की आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावलंत, मग बुद्धाची ओळख का करून दिली नाहीत?

गुरुजी पुस्तक देऊन मोकळे झाले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदारांना झेपेना, तेव्हा ते भीमरावांना घेऊन सयाजीराव महाराज गायकवाडांकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले.

१९१७ साली परत येऊन बडोद्यात नोकरीस राहिले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला घर मिळेना. पारशांच्या मुक्कामाच्या जागेतूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. तेव्हाही गुरुजींनी आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकाकडे सोय लावून पाहिली. पण त्या घरातूनही ऐनवेळी नकार आला. गुरुजी काही समाज बदलू शकले नाहीत. त्यांनी आपल्या हातात होतं तेवढं केलं.

१९३४ साली गुरुजी वारले. बाबासाहेबांच्या दादरच्या घराचं नाव राजगृह, त्यांच्या संस्थेने मुंबईत १९४६ साली काढलेल्या कॉलेजचं नाव सिद्धार्थ, औरंगाबादच्या कॉलेजचं नाव मिलिंद. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांसह धम्मदीक्षा. आम्ही असं म्हणत नाही की एका पुस्तकाने हे सगळं घडवलं. बाबासाहेबांनी जगातले धर्म तपासले, वर्षानुवर्षं अभ्यास केला, मग निर्णय घेतला. पण बी कुणी टाकलं, हे ते स्वतः विसरले नाहीत. देशाची घटना लिहिलेल्या माणसाने आयुष्याच्या शेवटच्या वर्षी शाळेतल्या त्या भेटीची आठवण लिहून ठेवली, यात सगळं आलं.

आता आमच्याबद्दल एक कबुली. मागे काही वर्षं विहाराची किल्ली आमच्याकडे होती. आपल्या कोपरखैरण्यात बैठी घरं, एकेका खोलीत पाच-सहा माणसं. कुणी तुर्भ्याच्या मार्केटात ओझी उचलतो, कुणी ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत शिफ्ट करतो. घरात टीव्ही चालू, मग पोरगं अभ्यास करणार कुठं? एक मुलगा विहारात दिव्याखाली वाचत बसायचा. आम्ही रोज नऊ वाजता त्याला म्हणायचो, चल बाळा, कुलूप लावायचंय. काय वाचतोस, एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. पुढे तो यायचा बंद झाला. दुसरीकडे आम्ही भाषणात केळुसकर गुरुजींचं नाव घेत होतो! ही गोष्ट आजही मनाला टोचते.

म्हणून कमिटीला विनंती आहे. वर्धापनदिनाला दहावी-बारावीच्या मुलामुलींचा सत्कार होतो, शाल आणि ट्रॉफी दिली जाते. ट्रॉफी कपाटात जाते. त्याऐवजी प्रत्येकाच्या हातात एक चांगलं पुस्तक द्या. कमी गुणवाल्यांनाही बोलवा, २८२ विसरू नका. आणि रात्री अकरापर्यंत विहार अभ्यासाला उघडा राहू द्या. किल्ली आम्ही सांभाळू, वय झालं तरी तेवढं जागता येतं. या वेळी कुलूप लावायच्या आधी विचारू, काय वाचतोस बाळा?

नमो बुद्धाय! जयभीम!